सोने शोधा, पण खड्डे बुजवा

संपादक महोदय,

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात मेटल डिटेक्टर घेऊन सोन्याचे खडे शोधण्याचा छंद आमच्या कुटुंबालाही लागला असून, त्याविषयी काही लिहिणे मला आवश्यक वाटते. १९८० मध्ये किंगोवर येथे सुमारे २७ किलोंचा ‘हँड ऑफ फेथ’ हा गोळा याच यंत्रामुळे, जमिनीत जेमतेम फूटभर खोलीवर सापडला, हे खरे आहे. मात्र तिथली माती लोहयुक्त असल्याने यंत्र नुसत्या मातीवरही कुरकुरते आणि स्पष्ट आवाज आला तरी खाली बहुधा गंजलेला खिळा किंवा शिशाचा छर्रा निघतो. ‘मायनर्स राइट’ हा दहा वर्षांचा परवाना सहज मिळतो, पण तो असला तरी खासगी जमिनीत मालकाच्या संमतीशिवाय शिरता येत नाही, खणताना केवळ हाताची अवजारे वापरता येतात आणि प्रत्येक खड्डा बुजवावाच लागतो. गेल्या हिवाळ्यात पाल्यापाचोळ्याने झाकलेल्या अशाच एका उघड्या खड्ड्यात माझ्या मुलीचा पाय मुरगळला. येथे येणाऱ्या मराठी पर्यटकांनी आणि विद्यार्थ्यांनी भाड्याचे यंत्र उचलण्यापूर्वी हे नियम वाचावेत, ही कळकळीची विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक, मेलबर्न