'प्रमाणपत्राची गरज नाही' ही सूचना मागे घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विद्यापीठाच्या वायफायला लिनक्सचा लॅपटॉप कसा जोडावा, याबद्दलचा मजकूर काल आपल्या पुरवणीत वाचला. हा विषय घेतलात, त्याबद्दल आभार. पण 'सीए प्रमाणपत्राची गरज नाही' या चौकोनावर खूण करा, ही पायरी छापायलाच नको होती. सीए प्रमाणपत्र म्हणजे सर्व्हरची ओळख तपासायला लागणारी फाइल. खूण केली की जोडणी होते, हे खरं. मात्र त्यानंतर समोरचा सर्व्हर विद्यापीठाचाच आहे का, हे लॅपटॉप तपासत नाही. इंदूरच्या भंवरकुआं चौकात कोणी त्याच नावाचं वायफाय सुरू करून बसला, तर मुलांचे लॅपटॉप काहीही न विचारता त्याला लॉगिन देऊन मोकळे होतील.

ही भीती पोकळ नाही. पीईएपी या लॉगिनच्या पद्धतीच्या आत पासवर्ड तपासायला बहुतेक ठिकाणी एमएसचॅप-व्ही२ चालतं आणि ते २०१२ सालीच फोडून दाखवलं गेलं आहे. पासवर्ड कितीही लांब असो, हल्लेखोराला शेवटी डीईएस या जुन्या कूटपद्धतीची ५६ बिटांची एक किल्ली शोधायची असते. त्यात वायफायचाच पासवर्ड ईमेल आणि परीक्षेच्या फॉर्मलाही चालत असेल, तर विचारायलाच नको.

बरोबर रीत काही अवघड नाही. लॅपटॉपच्या वायफाय सेटिंगमध्ये 'सुरक्षा' या रकान्यात डब्ल्यूपीए२ एंटरप्राइज निवडावं, ऑथेंटिकेशनमध्ये पीईएपी, आतली पद्धत एमएसचॅप-व्ही२. सीए प्रमाणपत्राच्या रकान्यात विद्यापीठानं दिलेली फाइल आणि 'डोमेन'मध्ये सर्व्हरचं पूर्ण नाव. हा डोमेनचा रकाना लोक रिकामा सोडतात, आणि आपल्या मजकुरात तर त्याचा उल्लेखही नाही. प्रमाणपत्र सगळ्यांनाच प्रमाणपत्रं देणाऱ्या एखाद्या सार्वजनिक संस्थेचं असेल, तर त्याच संस्थेकडून दुसऱ्या कोणालाही स्वतःच्या नावाचं प्रमाणपत्र मिळतं. त्यामुळे सर्व्हरचं नाव जुळवल्याशिवाय ती तपासणी अर्धीच राहते. प्रमाणपत्राची फाइल डाउनलोडमध्ये ठेवू नये. लिनक्समधला जोडण्या सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर फक्त तिचा पत्ता लक्षात ठेवतो, म्हणून महिन्याभरानं साफसफाईत ती उडाली की वायफाय बंद, आणि कारण कळत नाही. जुन्या लॅपटॉपचा बोर्डवरचा सेल संपून तारीख मागे गेली असेल, तरी प्रमाणपत्र नाकारलं जातं. आधी घड्याळ बघा.

एज्युरोम, म्हणजे अनेक विद्यापीठांचं सामायिक वायफाय, असेल तर याहून सोपं. भारतात ते अर्नेट ही शिक्षणसंस्थांचं जाळं चालवणारी संस्था सांभाळते. ज्या संस्थेनं आपली माहिती भरून ठेवली आहे, तिच्यासाठी एज्युरोमच्या कॅट या सोयीतून लिनक्सची तयार पायथन स्क्रिप्ट मिळते आणि ती प्रमाणपत्र व सर्व्हरचं नाव दोन्ही स्वतः बसवते.

आपलं 'उबुंटू २२.०४ मध्ये वायफाय बिघडतं' हे वाक्यही अन्यायाचं आहे. लिनक्सच्या या आवृत्तीत ओपनएसएसएल ३ हे जोडणी सुरक्षित ठेवणारं सॉफ्टवेअर आलं, आणि ते टीएलएस या सुरक्षा-पद्धतीच्या १.० व १.१ या आवृत्त्या मूळ मांडणीत स्वीकारत नाही. या दोन्ही आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे कालबाह्य ठरल्या आहेत. वायफायला जोडून देणाऱ्या डब्ल्यूपीए सप्लिकंट या प्रोग्रामच्या नोंदीत 'अनसपोर्टेड प्रोटोकॉल' दिसलं, तर विद्यापीठाचा लॉगिन तपासणारा रेडियस सर्व्हर जुना आहे असं समजावं. लॅपटॉपची सुरक्षा पातळी उतरवून काम भागतं, पण दुरुस्ती सर्व्हरवरच व्हायला हवी. इथल्या एका विद्यापीठाच्या मदतकक्षात मात्र लिनक्सवाल्या मुलांना 'विंडोज टाकून या' एवढंच सांगतात. भिंतीवरच्या कागदावरही फक्त विंडोज आणि अँड्रॉइडची चित्रं. त्याच कागदावर ईएपीची (लॉगिनची) पद्धत, आतली पद्धत, सर्व्हरचं नाव आणि प्रमाणपत्र कुठे मिळेल, या चार ओळी लिहिल्या तर कोणत्याही लिनक्सवर काम होतं. ही माहिती त्यांच्याकडे असतेच, त्याशिवाय त्यांचा सर्व्हर चालला नसता.

आणखी एक. आपण छापलेल्या कमांडमध्ये दोन छोट्या आडव्या रेघा जोडून एक लांब रेघ झाली आहे, आणि सरळ अवतरणचिन्हं वळणदार झाली आहेत. तशीच टाइप केली तर ती चालणार नाही आणि मुलं पुन्हा लिनक्सलाच दोष देतील. अरुंद रकान्यात ओळही मधेच तुटली आहे. कमांड छापायची तर पूर्ण रुंदीत, समान रुंदीच्या अक्षरांत छापावी, आणि त्या प्रमाणपत्राच्या पायरीची दुरुस्ती नवे प्रवेश सुरू होण्याआधी त्याच पुरवणीत, त्याच जागी यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक
सुदामानगर, इंदूर