मोकळी वाटणारी जागा

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "दीर्घिकांच्या मधल्या मोकळ्या जागेत शोधण्यासारखं आहे तरी काय?" तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

ती जागा मोकळी नाही. अरुंधती केश तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे 32 कोटी प्रकाशवर्षांवर, कोमा नावाचा हजाराहून अधिक दीर्घिकांचा समूह आहे. त्या दीर्घिकांच्या मधे कोट्यवधी अंश तापलेला, अतिशय विरळ वायू भरलेला आहे. त्यात धूळ आहे का, हा माझा प्रश्न. एवढ्या तापलेल्या वायूतही धुळीचा कण थंडच राहतो, साधारण उणे 250 अंश! त्याच्यावर इलेक्ट्रॉन आदळतात ते क्वचित, आणि मिळालेली उष्णता तो अवरक्त किरणांतून सोडून देतो. तेच किरण आम्ही शोधतो. पण तोच वायू कणाला झिजवतही असतो. समूहाच्या मध्यभागी बारीक कण दहाएक कोटी वर्षांत संपतो, आणि समूहाचं वय तर अब्जावधी वर्षं. म्हणजे आज तिथे धूळ दिसलीच, तर ती अलीकडेच कुठल्यातरी दीर्घिकेतून बाहेर पडलेली असणार. ती कशी बाहेर पडली, हे मला जाणून घ्यायचंय.

1998 साली आयएसओ या युरोपीय अवकाश दुर्बिणीच्या नोंदींवरून कोमाच्या मध्याशी असा प्रकाश किंचित जास्त असल्याचं प्रसिद्ध झालं. त्यासाठी वापरलेलं उपकरण इथल्याच, हायडेलबर्गच्या मॅक्स प्लांक खगोलशास्त्र संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झालं होतं. पुढे स्पिट्झर दुर्बिणीने जास्त बारकाईने पाहिलं, आणि 2009 मध्ये निष्कर्ष आला: मध्यभागी धूळ असलीच तर वायूच्या लाखाव्या हिश्श्याहून कमी. आई, तुला ही निराशेची बातमी वाटेल. मला नाही वाटत. कण झिजतात हे गणित तिथे खरं ठरताना दिसतं.

मग प्लांक उपग्रहाच्या 645 समूहांच्या प्रतिमा एकमेकींवर ठेवून सरासरी काढली, तेव्हा थंड धुळीचा प्रकाश स्पष्ट दिसला. पण तो दीर्घिकांच्या आतल्या धुळीचा किती आणि मधल्या वायूतल्या धुळीचा किती, हे त्यातून वेगळं करता येत नाही. सध्या मी त्यातच बुडालेली असते.

एप्रिल-मेमध्ये रात्री दहाच्या सुमारास अरुंधती केश आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर येतो. बाबा, चित्रा आणि सप्तर्षी तुम्हाला ओळखता येतात; त्यांच्या मधे शोधा. कोमा डोळ्यांना दिसणार नाही, पण दिशा तीच. आणखी प्रश्न पडले तर लिहून ठेवा, रविवारी बोलू.

तुमची,
चिनू