इम्पोर्टच्या ओळींपुढे लिहिलेल्या टिपांबद्दल आभार

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. बिलांचे ते मॉड्यूल मार्गी लागले, पण आपले आभार मानायचे राहून गेले, म्हणून हे जाहीर पत्र.

जावास्क्रिप्ट कोड तपासणाऱ्या ईएसलिंट या साधनाच्या इम्पोर्ट प्लगइनमधील ‘मॅक्स-डिपेंडन्सीज’ हा नियम चालू केला की एका मॉड्यूलला, म्हणजे कोडच्या एका फाइलला, १० डिपेंडन्सींची (इम्पोर्ट करून वापरलेल्या इतर मॉड्यूलांची) डीफॉल्ट मर्यादा लागते, आणि माझ्या वाट्याला आलेली फाइल ती केव्हाच ओलांडून गेली होती. आपल्याआधी ज्यांना विचारले, त्यांतील एकाने मर्यादा ३० करून टाका म्हटले, दुसऱ्याने नियम बंद करणारी कॉमेंट सुचवली, तर तिसऱ्या सद्गृहस्थांनी सगळी इम्पोर्ट एका इंडेक्स फाइलमागे दडवून मोजणीत एकच दाखवण्याची युक्ती मोठ्या अभिमानाने सांगितली. इशारा दिसेनासा करणे यालाच दुरुस्ती म्हणणारी ही अनुभवी मंडळी आठवली की अजूनही चीड येते.

आपण मात्र कोडला हात लावण्यापूर्वी प्रत्येक इम्पोर्टच्या ओळीपुढे ती कोणत्या फंक्शनला लागते, एवढेच लिहिलेत. त्या टिपा वरून खाली वाचत गेल्यावर लख्ख दिसले की कर मोजणारी, पीडीएफ बनवणारी आणि ईमेल पाठवणारी फंक्शने केवळ शेजारी राहत होती. तारखांची लायब्ररी सोडली तर त्यांच्यात सामाईक असे काही नव्हते. कराची साधी टेस्ट लिहितानाही मेल पाठवणाऱ्या भागाचा मॉक (टेस्टपुरती खोटी प्रतिकृती) का करावा लागे, याचा उलगडा तिथे झाला. एका ओळीपुढची जागा तर आपण कोरीच ठेवलीत, कारण ते इम्पोर्ट कुणीच वापरत नव्हते!

केवळ टाइपसाठी, म्हणजे डेटाचा प्रकार सांगण्यापुरती, असलेली इम्पोर्ट मोजणीतून वगळण्याची सोय नियमातच आहे, हेही आपणच दाखवलेत. सगळे भाग एकत्र जोडणाऱ्या सुरुवातीच्या फाइलला मात्र आपण कारण लिहून सूट दिलीत, कारण तिचे कामच अनेकांना बोलावण्याचे आहे; आकड्यासाठी ती फोडली असती तर गुंता फक्त दुसरीकडे सरकला असता.

दुसऱ्याचे कोड न हसता, शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याइतका सुसंस्कृतपणा आमच्या व्यवसायात दुर्मीळ आहे, आणि टिपांखाली ‘कुठे तोडायचे ते तुम्हीच ठरवा’ असे लिहून आपण निर्णय माझ्यावर सोपवलात, याचे मोल मला अधिक वाटते.

आपला कृतज्ञ,
एक सहकारी