विषय जोडायचे, तर शिक्षकांना एकत्र बसू द्या

महोदय,

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने आंतरविद्याशाखीय शिक्षणाचा आग्रह धरला आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही कला किंवा वाणिज्य शाखेतील विषय निवडता येऊ लागला, हे स्वागतार्हच आहे. परंतु दोन विषय एकाच गुणपत्रिकेवर आले म्हणून त्यांची सांगड विद्यार्थ्याच्या मनात आपोआप बसत नाही.

मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवत असे. एका वर्षी आठवीच्या मुलांनी गावातल्या विहिरीत दगड बांधलेली सुतळी सोडून दर शनिवारी पाण्याची पातळी मोजली, गणिताच्या सरांनी त्या नोंदींचा आलेख काढून घेतला आणि मराठीच्या बाईंनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी लिहून आणायला सांगितल्या. खडी फोडायला गेलेली आजी, कामावर मिळणारी सुकडी हे सारे मुलांनी घरीच ऐकले होते. त्यामुळे रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप का द्यावे लागले, हे नागरिकशास्त्राच्या तासाला वेगळे समजवावे लागले नाही.

हे जमले, कारण आम्हा शिक्षकांना आठवड्यातून एक तास एकत्र बसता येत होते. अशैक्षणिक कामांच्या रेट्यात आज सर्वांत आधी हाच तास जातो. शिक्षण विभागाने तो वेळापत्रकात अधिकृतपणे द्यावा आणि अशा उपक्रमांना अंतर्गत मूल्यमापनात गुण ठेवावेत, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका