बाबा, छपराचं काम ठरवून टाकलंय

ठाणे, रविवार

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर विषय काढला की बाबा "बघू पुढं" म्हणतात आणि आई लगेच जेवलीस का विचारते, म्हणून लिहायला बसले. बाबा, चष्मा लावा आणि मोठ्यानं वाचा. आईला मधेच स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका.

छपराचं काम मी ठरवून टाकलंय. शिमगा झाला की सुरू होईल. सुताराला आणि म्हसळ्याच्या वेल्डिंगवाल्याला आगाऊ पैसे दिलेत. दादाशी बोलूनच ठरवलं, खर्च आम्ही दोघं निम्मा निम्मा करतोय. तुमच्या पेन्शनला हात लावायचा नाही आणि आईनं पाटल्यांचं नावसुद्धा काढायचं नाही. तुम्हाला न विचारता ठरवलं याचं वाईट वाटेल, माहीत आहे. पण विचारलं असतं तर याही वर्षी मे उजाडला असता आणि "आता पाऊस तोंडावर आलाय, दिवाळीनंतर बघू" झालं असतं. तसं किती वर्षं चाललंय ते आपल्या तिघांनाही ठाऊक आहे.

आधी एक सांगते, म्हणजे जीव भांड्यात पडेल. कौलं राहणार आहेत. पत्रा घालत नाहीये, स्लॅब तर नाहीच. आजोबांच्या वेळचे वासे जे सुतारानं ठोकून बघून चांगले म्हटलेत, ते सगळे जागेवर राहतील. फक्त वळचणीकडचे कुजलेले बदलायचे. पडवी तशीच, झोपाळा तसाच. उन्हाळ्यात दुपारी माजघरात जो गारवा असतो तो मलाही हवाय, तुमच्या नातवंडांनाही हवाय.

मग काम कसलं, तर सगळं एकमेकांत बांधायचं. आपल्या छपराला आजवर त्याच्या वजनानंच धरून ठेवलंय. रीप वाशावर खिळ्यानं, वासा भिंतीवरच्या लाकडावर टेकलेला, आणि ते लाकूड भिंतीवर नुसतं ठेवलेलं. पावसाला तेवढं पुरतं, चक्रीवादळाला पुरत नाही. मला इतकी वर्षं वाटायचं की वारा छप्पर दाबतो, म्हणून जड छप्पर चांगलं. पण वारा छपरावरून जोरात जातो तेव्हा त्याला वर ओढतो, आणि सगळ्यात जास्त ओढ कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्यापाशी असते. 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं त्या दिवशी वळचणीच्या ओळी आधी गेल्या आणि मधली कौलं मागाहून, ते याचमुळे. आता प्रत्येक वाशाला लोखंडी पट्टी आणि बोल्ट लावून खालच्या लाकडाशी जखडणार, आणि ते लाकूड भिंतीत काँक्रीटमध्ये गाडलेल्या बोल्टना. आढ्याची कौलं आणि कडेच्या ओळी सिमेंटच्या मसाल्यात बसवणार, मधेमधेही मसाल्याचे पट्टे देणार, म्हणजे एक कौल निघालं तर त्याच्यामागून सगळी ओळ जाणार नाही. गोठ्यावर पत्रा आहे तिथं कडेला आणि कोपऱ्यात हूक जवळजवळ मारायला सांगितलेत.

दादाकडे फ्लोरिडात हे सगळं कायद्यानंच करावं लागतं. 1992 मध्ये तिथं अँड्र्यू नावाचं हरिकेन आलं आणि मायामीच्या दक्षिणेला वस्त्याच्या वस्त्या उघड्या पडल्या. घरं नवी होती, पण छपरं नीट ठोकलेलीच नव्हती. त्यानंतर त्यांनी नियम बदलले आणि 2002 पासून सगळ्या राज्याला एकच बांधकाम नियमावली लावली. छपरापासून पायापर्यंत प्रत्येक जोड लोखंडानं बांधायचा, वादळी पट्ट्यात खिडक्यांना झडपा किंवा मार सोसणाऱ्या काचा लावायच्या. आपल्याकडेही भारतीय मानक ब्युरोनं वादळी भागातल्या बैठ्या घरांसाठी 2004 मध्ये असंच सांगून ठेवलंय. आपल्या आळीत ते कुणी वाचलं नसेल, पण सुताराला मी चित्रं दाखवली तेव्हा तो म्हणाला, "ताई, हे तर माझा बाप होडीच्या फळ्यांना करायचा." त्यामुळे हे परदेशी खूळ आहे असं बाबांनी म्हणू नये.

आता दाराचं. बाबा, निसर्गच्या दिवशी तुम्ही पडवीचं दार खांदा लावून धरून ठेवलंत, त्यावरून आई अजून तुम्हाला बोलते. मीही बोलले होते. पण तुम्ही केलंत ते बरोबर होतं. समुद्राकडचं दार किंवा खिडकी फुटली की वारा आत घुसतो आणि छपराला आतून वर ढकलतो. वरून ओढ आणि आतून ढकलणं, दोन्ही एकदम झालं की छप्पर टिकत नाही. माजघरावरचं छप्पर त्या दिवशी राहिलं ते तुमच्यामुळं राहिलं. मात्र पुन्हा तुमचा खांदा तिथं लागू द्यायचा नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या हाडांवर घराचं दार तोलायचं नसतं. त्या दाराला पूर्वी अडसर होता, भिंतीतली खोबण अजून आहे. सागवानी अडसर करून घेतेय, वरखाली कड्या नव्या. पश्चिमेच्या तिन्ही खिडक्यांना बाहेरून फळ्यांच्या झडपा बसतील. आई, तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला उजेड कमी होणार नाही. झडपा एरवी भिंतीला टेकून उघड्याच राहतील.

आणि मागचा माड. बाबा, तो तोडायचा आहे. दोन रात्री मी यावर विचार केला. आजीनं लावलेला आहे, माझ्या बारशाचे नारळ त्याचे होते, हे सगळं मला पाठ आहे. पण तो थेट स्वयंपाकघरावर कलला आहे आणि त्याच्या बुंध्याला सोंड्या भुंग्यानं पोखरलंय. कोवळे, निरोगी माड वाऱ्यात वाकतात आणि उभे राहतात. हा वाकणार नाही. त्याचे नारळ मी मागच्या खेपेलाच रुजत घातलेत, विहिरीच्या पलीकडे, घरापासून लांब लावू. बाकी एकाही झाडाला हात लावणार नाही. तुमच्या नव्या सुपाऱ्यांना तर नाहीच. 3 जूनच्या त्या एका दुपारनंतर आडव्या झालेल्या वाडीत उभं राहून तुम्ही रोपं मोजत होतात, सहा-सात वर्षांनी फळ धरतील म्हणून. आता ती धरू लागलीत. त्यांच्याकडे पाहून मला जे वाटतं ते लिहिता येत नाही.

तुम्ही म्हणता, एकदा झालं, आता आपल्या हयातीत नाही. मलाही तसंच वाटावंसं वाटतं. पण 2009 च्या नोव्हेंबरात फयान, 2020 ला निसर्ग, आणि लगेच 2021 च्या मेमध्ये तौक्ते. ते गुजरातेत जाऊन उतरलं म्हणून आपण वाचलो, तरी गोव्यापासून वर किनारा झोडपत गेलं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी हिशेब मांडलाय की 1982 ते 2000 या काळाच्या तुलनेत 2001 ते 2019 मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं 52 टक्क्यांनी वाढली. समुद्र तापलाय. वादळं पूर्वेकडची, ओरिसाची, आपल्याकडे नाहीत, असं आजोबा म्हणायचे. त्यांच्या काळात ते खरं असेल.

आता जे सांगायला खरं तर मी हे पत्र लिहायला घेतलं, ते. घर बांधून मजबूत करतेय, पण तुम्ही त्यात बसून वादळ काढावं म्हणून नाही. लाल इशारा आला, बंदरावर मोठा बावटा लागला, की तुम्ही दोघं घराला कुलूप घालून निघायचं. वेळ असेल तर इकडे ठाण्याला. नसेल तर वरच्या आळीत काकूंच्या स्लॅबच्या घरात, त्यांच्याशी माझं बोलणं झालंय. देव, कुलाचार, गुरं, वाडी, कुठलंही कारण चालणार नाही. गुरं दावं सोडून मोकळी करायची.

हे कठोर वाटतंय ना? बाबा, निसर्गच्या दिवशी दुपारी बारानंतर तुमचा फोन लागेना. लॉकडाऊन होता, जिल्ह्याबाहेर पडायला पास लागत होता, आणि म्हसळ्याच्या पुढचे सगळे रस्ते झाडांनी बंद झाल्याचं टीव्हीवर सांगत होते. वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती. मी वडाची फांदी आणून ठेवली होती आणि तिच्याकडे बघत बसले होते. तुमचा आवाज ऐकू येईपर्यंतचे दिवस मला पुन्हा नकोत. एवढ्यासाठी तरी ऐका.

दादाही निघतो. 2024 च्या ऑक्टोबरात मिल्टन आलं तेव्हा वादळ किनाऱ्याला लागायच्या आधीच तो पोरांना घेऊन आत दूर गेला. घर झडपा लावून, बांधून, सोडून गेला. शेजारच्या सेंट पीटर्सबर्गमधल्या मोठ्या स्टेडियमचं छप्परच फाटून गेलं. दादाचं घर राहिलं, पण नसतं राहिलं तरी तो राहिला असता. आणि ओरिसाचं तर तुम्हीच मला पेपरातून वाचून दाखवलं होतं. 1999 ला दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. 2019 ला फनी आलं तेव्हा त्यांनी बारा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. घरं तेव्हाही पडलीच.

काम चालू असेपर्यंत तुम्ही माझ्याकडे यायचं. आई, पूर्वेची खोली तुमच्यासाठी रिकामी केलीय, सकाळी ऊन येतं. खाली उतरायला लिफ्ट आहे, कोपऱ्यावर गणपतीचं देऊळ आहे, बाबांना सकाळचं वर्तमानपत्र सहाला मिळेल. पलंग बुटका घेतलाय, बाबांच्या गुडघ्यांना. तुझा पाटा-वरवंटा तेवढा आणू नकोस, मिक्सर आहे. बरं, आणायचाच असेल तर आण, मी काही म्हणणार नाही.

लहानपणी गळक्या छपराखाली बाबा भांडी मांडायचे आणि कुठलं आधी भरेल यावर मला आणि दादाला पैज लावायला सांगायचे. भीती म्हणून वाटलीच नाही कधी. आता ती आमची पाळी आहे, बाबा. थोडं आमच्यावर सोडा.

बाकीच्या गोष्टी, आणि यात चालढकल नको. आई, इन्सुलिनचं एक पेन नेहमी जास्तीचं ठेव. निसर्गनंतर महिना होत आला तरी वीज नव्हती, तेव्हा ते ओल्या फडक्यात गुंडाळून माठापाशी ठेवलं होतंस तसंच करायचं, पण आधी पिशवीत घालून, पाणी लागू न देता. मेणबत्त्यांपेक्षा चार्जिंगचा दिवा घे. बाबा, सातबारा, घरपट्टीच्या पावत्या, पासबुकं, सगळं प्लास्टिकच्या डब्यात, कपाटाच्या वरच्या कप्प्यात. मे संपायच्या आत घराचे आणि वाडीचे चारी बाजूंनी फोटो काढून मला पाठवा, पंचनाम्याला लागतात. घराचा विमा मी उतरवतेय, "भारत गृह रक्षा" म्हणून आहे, त्यात वादळ येतं. कागद आले की सही करा, वाद घालू नका. वारा एकदम थांबला, ऊन पडलं, तरी बाहेर यायचं नाही. वादळाचा डोळा जात असला तर थोड्या वेळानं वारा उलट्या दिशेनं येतो. आणि नंतर कौलं शाकारायला बाबांनी चढायचं नाही. शिडी मी माळ्यावर कुलपात ठेवायला सांगितलीय. राग आला तरी चालेल.

गुरुवारी सुतार माप घ्यायला येईल. त्याला चहा द्या, पण दर पुन्हा ठरवायला बसू नका, ठरलेला आहे. अडसराची खोबण आतून किती खोल आहे ते त्यालाच बघू द्या, बाबांनी वाकून बघायचं नाही. खांद्याला तेल लावून घेताय ना? आईला विचारीन.

पत्र मिळालं की फोन करा. "बघू" म्हणायला नको, तारीख सांगायला करा. मी स्वतः गाडी घेऊन न्यायला येतेय.

तुमची,
बाबी