न्हावा बेसच्या यार्डातल्या काकांचे आभार

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार. समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्राला जाणारी हाय-प्रेशर लाइन (जास्त दाबाचे पाइप) तुमच्या हाताखालून गेल्याशिवाय बोटीवर चढत नाही. सिमेंटिंगची, म्हणजे विहिरीत सिमेंट पंप करणारी, आम्ही पोरं त्याच लाइनीशेजारी उभी असतो, म्हणून हे पत्र.

2 इंची 602 आणि 2 इंची 1502 या दोन प्रकारची हॅमर युनियनं (हातोडीने घट्ट करायचे पाइपांचे जोड) एकमेकांत बसतात, खरी फसगत तिथेच आहे. 602 ची दाबाची मर्यादा 6,000 पीएसआय (दाबाचं एकक), 1502 ची 15,000. 1502 चा विंग नट (हातोडी मारायला कान असलेला नट) 602 च्या आट्यांवर चढतो, हातोडीने घट्टही होतो. पण नटाचा व्यास किंचित मोठा असल्याने आट्यांची नुसती टोकं धरलेली असतात. अशी जोडणी प्रेशर टेस्टसुद्धा पार करू शकते आणि मग पंप चालू असताना सुटते. समोर कोणी असेल तर जिवावरच बेततं.

रात्री डेकवर ग्रीसने माखलेल्या नटाकडे बघून हा फरक कळत नाही. रंग उडतो. नटावरचा आकडा फक्त नटाचा, समोरच्या आट्यांचा नव्हे, आणि नट कधीतरी बदललेलाही असतो. म्हणून तुम्ही गेजचा, म्हणजे माप तपासायच्या कडी-खुंटीचा, हट्ट धरलात: कडीसारखी रिंग गेज 602 च्या आट्यांवरून सरकते, 1502 वर अडते, खुंटीसारखी प्लग गेज 1502 च्या नटात जाते, 602 च्या नटात जात नाही. त्याहून मोठं काम म्हणजे 2 इंची 602 चा सगळा मालच तुम्ही यार्डाबाहेर काढायला लावलात. ‘सांभाळून वापरू’ म्हणणाऱ्यांचं ऐकलं नाहीत, याबद्दल मनापासून आभार. आमच्या मते शंभर पाट्यांपेक्षा हे एक काम मोठं आहे.

बाकीचंही पाठ आहे. टेस्ट पाण्याने, आधी 300 पीएसआयच्या आसपास, मग वर. हवेने कधीच नाही, कारण दाबलेली हवा सुटली की स्फोटच होतो. दाब असताना युनियनला हातोडी लावायची नाही. आणि पंपाकडचं प्रेशर गेज शून्य दाखवतंय म्हणून दोन बंद व्हॉल्व्हच्या मधला दाब गेला असं धरायचं नाही, तिथला ब्लीड व्हॉल्व्ह (अडकलेला दाब सोडायचा व्हॉल्व्ह) उघडूनच बघायचं.

टूलबॉक्स टॉकला, म्हणजे कामाआधीच्या सुरक्षेच्या बैठकीला, आता रिंग आणि प्लग दोन्ही गेज नव्या पोरांच्या हातात देतो. झिजलेली गेज पुढच्या बोटीने परत पाठवतोय, तेवढी बदलून द्या.

तुमचे,
पंपिंग क्रू