बाळ्या, मी भात म्हणालो

म्वान्झा, टांझानिया, रविवार रात्र

बाळ्या,

सहा महिने पत्र नाही. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक, साखर आहे तेवढीच.

परवा उकाराला गेलो होतो, आज परतलो. आमच्या ड्रायव्हरचं गाव. व्हिक्टोरिया सरोवरातल्या उकेरेवे जिल्ह्याचं हे बेट. नान्सिओपर्यंत साडेतीन तास मोठी बोट, मग उकेरेवे बेट आडवं ओलांडून बुगोलोरा, तिथून छोटी फेरी. त्या फेरीत चढताना पाय अडला. 20 सप्टेंबर 2018 ला याच पाण्यात 'एमव्ही न्येरेरे' उलटली. बाजाराचा दिवस, शंभर जणांच्या बोटीत दुपटीहून जास्त माणसं. 228 गेली. बामणोलीच्या लाँचमध्ये "एका बाजूला गर्दी करू नका रे" म्हणून तू ओरडलास, मी तुला चारचौघांत भित्रा म्हणालो. मागे घेतो. तेवढंच हं, रनआउट तुझ्यामुळेच.

सरांची लोकसंख्येची घनता आठवते? 2012 च्या जनगणनेत जिल्ह्यात 3,45,147 माणसं, आणि पाणी सोडलं तर जमीन साडेसहाशे चौरस किलोमीटरच्या आसपास. भागाकार तूच कर, तुझं गणित चांगलं. आपला सातारा 2011 ला 287 होता, इथे जवळजवळ दुप्पट! आणि हे सगळं खेडं. कसावा, रताळी, वाळत घातलेली डगा मासळी.

ड्रायव्हरच्या वडिलांनी, म्झेंनी (इथे वडीलधाऱ्यांना म्झे म्हणतात), शेत दाखवलं. उकारात गुरं चरायला सोडावीत एवढी जागाच नाही. गोठ्याची जमीन खोल खणून तिथेच बांधायची, चारा कापून आणून घालायचा, शेणाची पाटी न् पाटी शेतात. बाजरीत आपल्या तागाच्या जातीचं झुडूप पेरून गाडायची जुनी रीत. माझे आजोबा ताग गाडायचे, तो वास आला बघ एकदम.

म्झेंनी विचारलं, तुझी जमीन किती? सव्वा एकर म्हटलं. काय पेरलंय?

बाळ्या, मी चक्क भात म्हणालो.

अकरा वर्षं तिथे रानमोडी माजलीय, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक! म्हातारा खूश झाला, पाणी पुरतं का विचारू लागला. मी तेही सांगितलं.

आणि फोनमध्ये दादाने पाठवलेला कुलमुखत्यारपत्राचा मसुदा. रिसॉर्टवाला गिऱ्हाईक आहे. दादाचं चुकत नाही, आईचं सगळं त्यानेच केलं, मी इथून पैसे धाडले. वाटणीच्या वेळी तू म्हणालास, तुला जमीन सातबाऱ्यावर नाव मिरवायला हवी. वर्षभर बोललो नाही तुझ्याशी. अजून राग आहे. पण सही करायला पेन उचललं की म्झे पाण्याचं विचारतात.

तुझ्या बदलीचं काय झालं? चिमीला दहावीला किती? वहिनींच्या गुडघ्यांची चौकशी केलीय म्हणून सांग.

दादाला यातलं काही बोलू नकोस. पावसाआधी एकदा जाऊन खालचा बांध उभा आहे का बघ आणि फोटो पाठव. रानमोडी दिसू दे, लपवू नकोस.

तुझा,
पम्या